मजलिसमधलं ठासणीचं रिव्हॉल्व्हर

ते माझ्यासमोर आलं ते एका जुन्या टॉवेलात गुंडाळून. अमिरातीतल्या खोर फक्कान या बंदरगावातल्या त्या घरात मी कामाला लागून जेमतेम महिना झाला होता. घराचे मालक ऐंशीच्या घरातले अरब गृहस्थ. घरातले नोकरचाकर त्यांना अरबाब म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. वाडवडिलांनी जमवलेले खंजीर, मोती तोलायचे तराजू, जहाजावरचे कंदील आणि पितळी होकायंत्रं तळमजल्यावर नीट मांडून ठेवायची आणि शाळेच्या मुलांना दाखवायची, अशी त्यांची इच्छा होती. त्या वस्तूंचा गंज काढणं आणि त्या पुढे टिकतील असं करणं हे माझं काम.

हे काम मी पुण्यात शिकले होते, काही वर्षं केलंही होतं. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो, मुलगी झाली, आणि माझे ब्रश, चिमटे, भिंगं दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमधल्या कपाटात वरच्या कप्प्यात गेली ती दहा-बारा वर्षं तिथेच राहिली. मुलाखतीत अरबाबनी मला एवढंच विचारलं, "हाथ काँपता है?" मी हात पुढे करून दाखवला. "खलास," म्हणजे ठरलं, असं ते म्हणाले. नोकरी पक्की झाली.

टॉवेल घेऊन आले ते चाचा. चाचा म्हणजे घराचे कारभारी, मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. तरुणपणी इथे आले आणि अरबाबच्या सगळ्या व्यवहारांत त्यांच्या शेजारी बसत म्हातारे झाले. ते माझ्याशी मराठी बोलत, त्यामुळे त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही.

"ताई, हे सगळ्यांच्या मधे ठेवायचं म्हणतात," असं म्हणत त्यांनी टॉवेल टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. "मला विचाराल तर ही ब्याद घरात नकोच. पण ऐकतंय कोण?"

आत एक ठासणीचं रिव्हॉल्व्हर होतं. म्हणजे तयार काडतूस नसलेलं, जुन्या पद्धतीचं. त्यात मधोमध सिलिंडर असतो, सहा भोकांचं फिरतं नळकांडं. प्रत्येक भोकात पुढून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांडीने ती ठासून बसवायची. मागच्या बाजूला प्रत्येक भोकामागे एक बारीक बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टिकली चढवायची. चाप ओढला की घोडा टिकलीवर आपटतो आणि ठिणगी आत जाते. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. वापरल्यावर सिलिंडर काढून धुतला नाही, तर गंज सुरू होतो. समुद्रकाठी तर विचारूच नका.

हे रिव्हॉल्व्हर किती वर्षं धुतलं नव्हतं कोण जाणे. सिलिंडर जागच्या जागी धरून ठेवणारी आडवी सळई, म्हणजे त्याचा आसच, गंजून चौकटीशी एकजीव झाली होती. सिलिंडर हलत नव्हता, घोडा उचलला जात नव्हता. भोकांची तोंडं काळ्या-तांबड्या खरपुड्यांनी बुजलेली.

"ये खाली है," अरबाब म्हणाले. "मेरा बाबा बोलता था, खाली है. मजलिस में दीवार पे था. बचपन में हम भाई लोग इसके साथ खेलता था."

मजलिस म्हणजे घरातली पाहुण्यांच्या बैठकीची खोली. मी मान डोलावली, पण पहिल्या दिवसापासून ते भरलेलं आहे असं धरूनच हाताळलं. नळी कायम भिंतीकडे, आणि भिंतीपलीकडे बाग, जिथे कुणी जात नसे.

परवान्याचं काम बघणारे पोलीस अधिकारी पुढच्या आठवड्यात आले. चाळिशीचे, शांत, इंग्रजी स्वच्छ बोलणारे. तलवारी आणि खंजीर बघून त्यांनी चहा घेतला. रिव्हॉल्व्हर मात्र बराच वेळ निरखलं, सिलिंडर फिरतो का ते पाहिलं, नळीत बॅटरी मारली.

"आत काय आहे ते मला दिसत नाही," ते मला इंग्रजीत म्हणाले. "दिसत नाही तोवर मी हे लोकांसमोर ठेवू देणार नाही. एक तर आम्ही घेऊन जाऊन नष्ट करू. नाहीतर आमचा माणूस ते मधून कापून देईल, मग दोन तुकडे ठेवा."

चाचांनी ते अरबाबना अरबीत सांगितलं. त्यांनी टेबलावरच्या रिव्हॉल्व्हरवर नुसता हात ठेवला, एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"मी उघडून दाखवते," मी म्हणाले.

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही? असं काम केलंय पूर्वी?"

"पुण्यात केलंय. माझ्या वरिष्ठांच्या हाताखाली. कापायची वेळ आली नव्हती."

"आणि आतमध्ये काही निघालं तर?"

"म्हणून तर आधी आत बघू. एक्स-रे काढू."

त्यांना हसू आलं. रिव्हॉल्व्हर घेऊन कुठल्या हॉस्पिटलात जाणार? पण चाचांनी लगेच उत्तर शोधलं. अरबाबकडे शिकारी ससाणे होते, आणि ससाण्यांच्या दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं. अधिकाऱ्यांनी विचार केला, दोन फोन केले आणि अट घातली की ते स्वतः बरोबर येतील आणि रिव्हॉल्व्हर कुलूपबंद पेटीत त्यांच्या गाडीतून जाईल.

तो दिवस मी विसरणार नाही. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घातलेले ससाणे ओळीने दांडीवर बसले होते, शेजारी त्यांचे मालक, आणि त्यांच्यामध्ये कुलूपबंद पेटी मांडीवर घेतलेला गणवेशातला अधिकारी. डॉक्टर केरळचे होते. "पेशंटचं वय काय?" त्यांनी मला विचारलं आणि स्वतःच हसले. पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा मात्र ते पुढे वाकले. सहापैकी पाच भोकं राखाडी होती. सहाव्यात, अगदी तळाशी, एक पांढराशुभ्र गोल ठिपका होता.

शिसं एक्स-रेत तसंच दिसतं.

"गोळी आहे," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी खुर्ची मागे सरकवली. "झालं तर मग. हे आमच्याकडे जाईल."

मी पडद्यापासून हलले नाही. "मागे बघा. त्या भोकाच्या बोंडीवर टिकली नाही. एकाही बोंडीवर नाही. टिकली नसेल तर घोडा आपटूनही ठिणगी पडायची नाही. धोका उष्णतेचा आहे, ठिणगीचा आहे, ठोकाठोकीचा आहे. यातलं मी काहीच करणार नाही. दारू आधी पाण्याने मारून टाकू आणि मग सिलिंडर बाहेर काढू. तुमच्या जागेत करू, तुमच्या माणसासमोर करू. पण मला करू द्या."

हे मी एका दमात बोलले.

घरी नवरा चिडला. त्याचंही चुकत नव्हतं. "अगं, आपण इथे व्हिसावर राहतो. बंदूक, दारू, पोलीस, हे तीन शब्द एका वाक्यात यायला नकोत. संग्रहालयात कंदील आहेत ना? कंदील पूस."

"कंदील कुणीही पुसेल."

"मग?"

"मग हे मी करणार आहे."

मुलगी टॅबवरून मान वर करून म्हणाली, "आई, इज इट अ रिअल गन?"

"हो."

"अँड दे आर लेटिंग यू ओपन इट? सो कूल!"

नवऱ्याने उठून ताटं घेतली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच विचारलं, "सळई ओढायची म्हणजे नक्की कशी ओढणार?" तो इंजिनीअर आहे, प्रश्न समोर आला की त्याला राग धरून ठेवता येत नाही. आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरून एका ओढणीचं, म्हणजे सळई ओढून काढायच्या हत्याराचं, चित्र काढलं. पितळेची दोन जबड्यांची पकड, मधे बारीक आट्यांचा स्क्रू. पकड सळईच्या डोक्याला धरेल, स्क्रूचं टोक चौकटीवर टेकेल, आणि स्क्रू फिरवला की सळई सरळ पुढे ओढली जाईल. कुठे ठोका नाही, कुठे पीळ नाही. अल कुसैसच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही ती करून घेतली. तिथला लेथवाला म्हणाला, "मॅडम, इतना क्या करना? टॉर्च मारो, गरम करो, दो मिनिट में निकलेगा." मी त्याला ते कशासाठी आहे हे सांगितलं नाही, "गरम नहीं करना है" एवढंच दोनदा सांगितलं.

अधिकाऱ्यांनी अखेर परवानगी दिली. पोलिसांच्या सराव मैदानाच्या एका टोकाला पत्र्याची शेड होती, समोर वाळूचा उंच बांध. दारूगोळा निकामी करणारा त्यांचा एक तंत्रज्ञ माझ्याबरोबर राहणार होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या हातात जाड चष्मा दिला आणि स्वतःचाही घातला. माझ्या सामानाची पेटी उघडून एकेक हत्यार पाहिलं, लोखंडी हातोडी बाजूला काढली आणि म्हणाला, "धिस विल स्टे विथ मी." ती मी वापरणारच नव्हते, पण मला तो माणूस तेव्हाच आवडला.

आम्ही रिव्हॉल्व्हर सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवलं. त्या पाण्याने गंजाची वाढ थांबते, आणि काळ्या दारूतला सोरा विरघळून बाहेर येतो. पाणी गढूळ झालं की बदलायचं. काही दिवस एवढंच चाललं. मी गाडीने डोंगरातले बोगदे पार करून सकाळी यायचे, पाणी बदलायचे, मऊ ब्रशने खरपुड्या सोडवायचे आणि परत जायचे. चाचा रोज फोन करून विचारायचे, "निघालं का?" मी म्हणायचे, "इन्शाल्ला." शेवटी तेच म्हणायला लागले, "ताई, तुमचं इन्शाल्ला आता आमच्यासारखंच झालंय. म्हणजे कधी ते सांगता येत नाही."

मग ते वाळवलं, गंज सोडवणारं पातळ तेल फटींत मुरवलं आणि लाकडी घोडीवर चामड्याच्या तुकड्यांत घट्ट बसवलं, नळी बांधाकडे करून. सगळ्यात आधी घोडा. तो अर्धा वर आला नाही, तर सिलिंडरच्या खाचेत बसलेली खुंटी सुटत नाही आणि सिलिंडर मोकळा होत नाही. मी घोडा आणि बोंडीच्या मधे चामड्याची चकती सरकवली. अंगठ्याने दाब दिला, सोडला. परत दिला. जोर लावायचा नव्हता, नुसतं मागत राहायचं होतं. दुपार कलताना आतून बारीक 'टक' ऐकू आलं आणि घोडा अर्ध्यावर थांबला. तंत्रज्ञाने अंगठा वर केला.

नळीखालची ठासणीची दांडी दुसऱ्या दिवशी खाली आली. राहिली ती सळई.

ओढणी लावली, स्क्रू फिरवायला घेतला. सुरुवातीला ताण बसत गेला आणि अचानक पकड सटकली. पितळेचा जबडा चौकटीवरून घसरला आणि पोलादावर एक लांब चरा उमटला. शंभरावर वर्षं जे गंजाने केलं नव्हतं ते मी एका क्षणात केलं होतं. मी हात बाजूला घेतले. डोळ्यांत पाणी आलं, चष्म्याच्या आत पुसताही येईना.

"फिनिश फॉर टुडे?" तंत्रज्ञाने विचारलं.

"नो," मी म्हणाले.

पाणी प्यायले. सळईचं डोकं भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं की ते एका बाजूने झिजलेलं होतं, त्यामुळे पकडीला आधार मिळत नव्हता. मी चामड्याची पट्टी कापून झिजलेल्या बाजूला भरली आणि जबड्यांभोवती तारेचा फास आवळला, म्हणजे ते फाकणार नाहीत. या वेळी स्क्रू अगदी थोडा फिरवायचा, तेल सोडायचं, थांबायचं, पुन्हा थोडा, असं सुरू केलं. शेडमध्ये पंखा होता, पण घाम कोपरांवरून टपकत होता. केव्हातरी तंत्रज्ञाने खुर्ची आणून माझ्या मागे ठेवली. मी बसले नाही. बसले असते तर हाताचा अंदाज बदलला असता.

सळई हलली ते डोळ्यांना दिसलं नाही, बोटांना कळलं. स्क्रूचा आवाज बदलला. मग लालसर चिखल फटीतून बाहेर आला, त्यामागून चकचकीत पोलादाची एक बारीक रेघ दिसली. त्या धातूला इतक्या वर्षांत उजेड लागला नव्हता. ती रेघ रुंद होत गेली आणि सळई पुढे आली.

सिलिंडर तरीही चौकटीत अडलेलाच होता. त्याला मागून फिरवणारं एक लहान बोट आत असतं, ते त्याच्या दात्यांत रुतलं होतं. मी डाव्या हाताने सिलिंडर किंचित फिरवला, उजव्या अंगठ्याने बाजूला रेटला, आणि तो सरकत माझ्या तळव्यात आला. हातात भरण्याइतका जड, गार, तेलकट. मी तो तोंडं वाळूकडे करून तंत्रज्ञाच्या हातात दिला. "थँक यू, मॅडम," तो म्हणाला, जणू मी त्याला चहा दिला होता, आणि मग एकदम हसला.

गोळी काढणं त्याचं काम होतं. त्याने शिशात बारीक स्क्रू रुतवून ती हळूच ओढली. तिच्यामागून काळा चिखल आला, तो त्याने पाण्यात धुऊन बाटलीत भरला. चौकट, सळई, सिलिंडर असं सगळं वेगवेगळं कापडावर मांडलं. अधिकारी येऊन प्रत्येक भोकातून आरपार उजेड बघून गेले. माझ्या चऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे आमच्याकडून झालं का?"

"नाही, माझ्याकडून," मी म्हणाले. "तो तसाच राहील. घासून लपवणार नाही."

अरबाबना हे कुणी सांगायचं, हा प्रश्न होता. चाचा म्हणाले, "मी नाही सांगणार, ताई." म्हणून मीच मजलिसमध्ये जाऊन सांगितलं. ते रिकामं नव्हतं, एक गोळी आणि दारू आत होती, फक्त टिकली नव्हती.

अरबाब चाचांशी अरबीत बोलू लागले आणि त्यांचा आवाज बारीक झाला. चाचांनी मला मराठीत सांगितलं, "लहानपणी धाकट्या भावाच्या कपाळाला हे टेकवलं होतं म्हणतात. खेळात. चाप ओढला होता. भाऊ खोटंखोटं मेला, आणि दोघं खूप हसले. परत परत खेळले म्हणतात."

अरबाबनी फोन उचलला. भाऊ गावातच राहायचे, बंदराच्या बाजूला. ते आले तेव्हा काठी टेकत, श्वास लागलेला, काय झालं म्हणून घाबरलेले. अरबाबनी त्यांना शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी भावाच्या कपाळावरून हात फिरवला, परत फिरवला. धाकट्या भावांनी ऐकून घेतलं आणि मोठ्याने काहीतरी म्हटलं. चाचा खो खो हसायला लागले. "म्हणतात, तू चुकीचं सांगतोयस. चाप मी ओढला होता, मेला होतास तू!" मग दोघे म्हातारे त्यावर भांडत बसले. भांडता भांडता अरबाब रडले. मी खजुराची ताटली पुढे सरकवली आणि बाहेर आले.

आता सिलिंडर परत बसवायचा होता. अधिकाऱ्यांना हत्यार कायमचं निकामी हवं होतं. त्यांची पहिली सूचना वेल्डिंगची होती. मी नको म्हणाले. वेल्डिंग केलं की ते पुन्हा कधीच उघडता येत नाही, आणि आत गंज धरला तर कळतही नाही. मी दुसरा मार्ग मांडला. सहाही बोंड्या आट्यांवरून काढून पोलिसांच्या ताब्यात द्यायच्या. भोकांत पांढऱ्या नायलॉनच्या खुंट्या बसवायच्या. आणि नळीतून चौकटीपर्यंत पोलादी केबल ओवून तिला शिक्क्याचं कुलूप घालायचं, म्हणजे शिक्का तोडल्याशिवाय सळईही निघणार नाही, सिलिंडरही नाही. ते म्हणाले, करून दाखवा.

करून दाखवलं. घोडा अर्ध्यावर, सिलिंडर उजवीकडून आत, तो जरासा फिरवत आतलं बोट मागे दबू दिलं, मेणाचा पातळ हात दिलेली सळई पुढून आत सरकवली. ज्या सळईने मला इतकं झुंजवलं ती आता एका बोटाने जागेवर गेली. खालची दांडी वर लावली, खटका बसला. घोडा हळूच पूर्ण खाली आणला, खुंटी खाचेत पडल्याचा आवाज ऐकला. मग सिलिंडर दोन्ही हातांनी हलवून पाहिला. पुढे-मागे नाही, गोल नाही. अधिकाऱ्यांनीही हलवून पाहिला, मुठीची सगळी ताकद लावून. नंतर त्यांनी शिक्का मारला आणि सही केली.

तळमजला शाळेच्या मुलांसाठी उघडला त्या दिवशी माझी मुलगीही वर्गाबरोबर आली होती. काचेसमोर उभी राहून ती मैत्रिणींना सांगत होती, "माय मॉम टुक दॅट अपार्ट." अरबाब आणि त्यांचे भाऊ दारापाशी खुर्च्यांवर बसून मुलांना खजूर वाटत होते. पोलिसांनी परत केलेली शिशाची गोळी मी काचेत रिव्हॉल्व्हरशेजारी ठेवणार होते, तसा कार्डावर मजकूरही लिहिला होता. पण आदल्या दिवशी धाकट्या भावांनी ती माझ्याकडे मागितली. "ये मेरे लिए था," आपलं आधीचं म्हणणं सोडून देत ते म्हणाले, "मैं ले जाता है." आणि रुमालात बांधून त्यांनी ती कंदुऱ्याच्या, म्हणजे पायघोळ अरबी झग्याच्या, खिशात टाकली. मी कार्डाचा मजकूर बदलला.